बंबाचा हिशेब

भिवंडीत धामणकर नाक्याला राहणाऱ्या माणसाने लाकडावर चालणारी आणि कमीत कमी जळणात जास्तीत जास्त ऊब देणारी शेगडी कोणती, याचा दोन महिने अभ्यास करावा, हे कुणा सिमलेकराला सांगितले तर त्याला हसू येईल. आमच्याकडे थंडी म्हणावी अशी थंडी पडत नाही. डिसेंबरअखेरीस चार पहाटे अंगावर शाल लागते. बाकी वर्षभर पंखा फिरत असतो आणि त्याच्या आवाजावर यंत्रमागांचा खडखडाट चढत असतो. घर तापवण्याचा प्रश्न आमच्या गावात कुणालाच पडत नाही. पण घर आणि माणूस यांत फरक आहे. आम्ही मराठी माणसे खोली तापवीत नाही, आंघोळीचे पाणी तापवतो. आमची सगळी ऊब बादलीत असते.

ही ऊब आमच्या घरी गेली पन्नासहून अधिक वर्षे तांब्याच्या एका बंबातून येत आली. नाक्यापासून आत वळणाऱ्या एका गल्लीत आमचे जुने कौलारू घर आहे. आई या घरात लग्न होऊन आली १९६८ साली, आणि बंब तिच्या आधीपासून मोरीत उभा होता. तेव्हापासून पहाटे पाचाला बंब पेटवायचा तो आईनेच. आम्ही शाळेत गेलो, कॉलेजात गेलो, मराठीचे अध्यापक झालो, आमचे लग्न झाले, मुलगी झाली. या साऱ्या काळात आम्ही उठलो की पाणी तापलेले असे. ते कसे तापले, हा प्रश्न विचारण्याची वेळ आमच्यावर कधी आली नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी बंब होता त्यांनी आपापल्या मनाला विचारून पाहावे.

वेळ आली ती गेल्या दिवाळीनंतर. बंबाची आतली नळी झिजून गळू लागली. पाणी विस्तवावर टपकायचे, लाकूड फुसफुसायचे आणि मोरीत धूर कोंडायचा. त्याच सुमारास आईचा खोकला वाढला. तो नवा नव्हता. इतकी वर्षे तो आमच्या घरातल्या घड्याळासारखाच होता, पहाटे पाचाला सुरू होई आणि सातला थांबे. आता तो सातला थांबेनासा झाला. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून तपासणी केली आणि विचारले, "आजी, विडी-तंबाखू?" आई चिडली. जन्मात सुपारी न खाल्लेली बाई ती. डॉक्टरांनी मग आमच्याकडे वळून दुसरा प्रश्न केला, "चूल आहे का घरी?" आम्ही म्हणालो, "चूल नाही, गॅस आहे." मग आठवून पुस्ती जोडली, "बंब आहे." कागदावर त्यांनी श्वासनलिकांच्या दीर्घकालीन विकाराचे नाव लिहिले. आजवर हा आजार विडी ओढणाऱ्यांना होतो अशी आमची समजूत होती.

घरी आल्यावर आम्ही जाहीर केले, "आई, उद्यापासून गिझर." आई म्हणाली, "तुम्ही लावा. मला बंबाचं पाणी लागतं. आणि तो दुरुस्त होत नसेल तर नवा आण, कमी लाकूड खाणारा." बोलणे तिथे संपले. आमच्यापुढे विषय आला तो असा: कमी लाकूड खाणारा आणि कमी धूर ओकणारा.

सवयीने आम्ही आधी भाषेकडे गेलो. ज्याला हातोडी धरता येत नाही तो शब्दकोश धरतो. मराठी भाषेत चुलीचे राज्य केवढे आहे! लग्न झाले की चूल मांडायची, भाऊ भांडले की चुली वेगळ्या. बाईचे जग चूल आणि मूल, नकोसे झालेले सारे चुलीत घालायचे, आणि शेवटी सगळ्यांचे सारखेच म्हणून घरोघरी मातीच्या चुली. मग धुराचे काय? डोळ्यांवर धूर येतो तो गर्वाचा. एखाद्या घरातून सोन्याचा धूर निघतो तो श्रीमंतीचा. आणि विस्तवाशिवाय धूर नसतो हे तर्कशास्त्राचे. म्हणजे आमच्या भाषेला चुलीचा विस्तव, भाकरी, राख आणि भांडण हे सारे दिसले. चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकर घालणारीच्या छातीत जो धूर जातो, त्याच्यासाठी केलेला वाक्प्रचार मात्र आम्हांला शोधून सापडला नाही. वाक्प्रचार जेवायला बसणाऱ्यांनी केले असावेत.

तो धूर मोजण्याचे काम एका परक्या माणसाने केले. कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने १९८०च्या दशकाच्या आरंभी गुजरातेतल्या खेड्यांत हवा मोजली. त्याने यंत्र भिंतीवर टांगले नाही, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर लावले. धूर घरात किती आहे यापेक्षा बाईच्या नाकाशी किती आहे हा प्रश्न वेगळा आहे, हे त्याने ओळखले. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरगुती जळणाच्या धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे गेली. एवढा मोठा आकडा वाचून आमच्या मनात काही हलत नाही, हे कबूल करतो. यंत्र कुठे लावले, ही गोष्ट मात्र मनात राहिली. आमच्या मोरीत यंत्र लावायचे झाले असते तर ते आईच्या पदरालाच लावावे लागले असते. आम्ही त्या वेळी दोन खोल्या पलीकडे, पांघरुणात होतो.

सुधारलेल्या चुलीचा इतिहासही वाचला. गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे जे प्रयोग झाले त्यांत मगन चूल निघाली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ साली धूरविरहित स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. पुढे १९८०च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. पुण्यात १९९६ साली आनंद कर्वे यांनी समुचित तंत्रज्ञानाची संस्था, आरती, उभी केली. या संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीबद्दल २००२ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. साहित्याच्या वाचकाला हे नाव परके वाटू नये. आनंद कर्वे हे इरावतीबाईंचे चिरंजीव आणि गौरी देशपांडे यांचे बंधू. 'युगांत'मध्ये इरावतीबाईंनी मयसभेच्या निमित्ताने खांडववनाच्या दाहाचा विचार केला आहे. एक अख्खे रान, त्यातल्या जिवांसकट, का जाळले गेले, हा प्रश्न आईने विचारला. शेतात उगाच पेटवून दिले जाणारे पाचट नीट कसे जाळावे, हा प्रश्न मुलाने विचारला. दोन्ही प्रश्न एका घरातले आहेत ही गोष्ट आम्हांला फार सुखावून गेली.

पण मग प्रश्न सुटला का? नाही. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातल्या खेड्यांत सुधारित चुलींची काही वर्षे पाहणी केली आणि २०१२ साली निष्कर्ष मांडले. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. पुढे चुलींना भेगा पडल्या, धुराडी काजळीने तुंबली, कुणी ती साफ केली नाहीत, आणि हळूहळू बायका जुन्या चुलीकडे वळल्या. आरोग्यात टिकाऊ फरक आढळला नाही. प्रयोगशाळेतली चूल आणि घरातली चूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कवितेच्या वर्गात आम्ही हेच निराळ्या शब्दांत सांगत असतो, तरी चुलीबाबत ते ध्यानात यायला आम्हांला पुढचा महिना लागला.

त्या महिन्यात आम्ही हिशेब मांडला. एक बादली, म्हणजे वीस लिटर पाणी, २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला जवळपास १,६७५ किलोज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत १६,००० किलोज्यूल धरावेत. लाकडातली सगळी उष्णता पाण्यात उतरली असती तर बादलीमागे जेमतेम शंभर ग्रॅम लाकूड पुरले असते. तीन दगडांच्या चुलीवर दहा टक्के उतरते, म्हणून किलोभर लाकूड लागते. भारतीय मानकाप्रमाणे नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या सुधारित चुलीने निदान २५ टक्के आणि पंखा लावलेलीने ३५ टक्के उष्णता भांड्यात उतरवली पाहिजे. म्हणजे अनुक्रमे सव्वाचारशे आणि तीनशे ग्रॅम. गॅसवर याच कामाला साठेक ग्रॅम वायू लागतो, आणि विजेच्या गिझरवर सुमारे अर्धे युनिट.

मग आम्ही वजनकाटा घेऊन आमचा गळका बंब तोलला. गळती तात्पुरती बुजवून एक पूर्ण बंब, म्हणजे दोन बादल्यांच्या ऐवजाचे कढत पाणी, तापवायला सातशे ग्रॅम ढलप्या लागल्या. गणित तीस टक्क्यांवर आले. ज्याला टाकाऊ समजून आम्ही बदलायला निघालो होतो, तो सरकारी मानकाच्या पहिल्या पायरीवर आरामात उभा होता! थोडा विचार केल्यावर कारणही कळले. चुलीत विस्तव खाली आणि पाणी वर असते, ज्वाळा भांड्याच्या बाजूंनी निसटून जातात. बंबात विस्तव मधल्या नळीत आणि पाणी त्याच्या चहू अंगांनी असते. निसटायला वाट नाही. जाता जाता धूरसुद्धा आपली उष्णता पाण्याला देऊन वर जातो. कुणा अनाम तांबटाने हे सारे आमच्या किलोज्यूलांशिवाय जाणले होते.

म्हणजे कमी लाकूड खाणारा बंब आमच्याकडे होताच. उरला धूर. धूर म्हणजे न जळलेले जळण, ही गोष्ट आम्ही पन्नाशीनंतर शिकलो. लाकूड तापले की त्याचा बराचसा भाग वायू होऊन बाहेर पडतो, ज्वाळा असते ती या वायूची. हवा कमी पडली, लाकूड ओले असले किंवा जाड ओंडका कोंबला की तो वायू न पेटताच निघून जातो, आणि त्याला आपण धूर म्हणतो. तेव्हा धूर कमी करायचा तर जळण कोरडे आणि बारीक हवे, खालून हवा खेळती हवी, आणि उरलेला धूर डोक्यावरून जायला धुराडे हवे.

जळणाची भिवंडीत वाण नाही. आमच्या गावात लाकूड रानातून कमी आणि धंद्यातून जास्त येते. पूर्वी यंत्रमागांची मोडकी शटले, म्हणजे आपल्या जुन्या भाषेतले धोटे, भंगारात मिळत. आता गोदामांचे दिवस आले आहेत, म्हणून माल रचायच्या लाकडी पॅलेटच्या फळ्या मिळतात. त्या घेताना पाहून घ्याव्यात हे वखारीवर कळले. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या पॅलेटवर शिक्का असतो. 'एचटी' असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले. 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूने, ते जाळू नये. तेल मुरलेले शटल, रंगवलेली फळी, प्लायवूड हेही नको. वखारवाला म्हणाला, "सर, हे सगळं आजींना माहीत आहे. त्या माझ्याकडून साधं लाकूडच निवडून नेतात. काळं शटल दिलं तर परत पाठवायच्या." आम्ही गप्प बसलो.

खरी फजिती पुढच्या रविवारी झाली. आम्ही आईला म्हणालो, "आज बंब आम्ही पेटवतो, शास्त्रशुद्ध." ती उंबऱ्यावर बसली. आम्ही जाळी साफ केली, हवेची वाट मोकळी केली, ढलप्या मोजून रचल्या, आणि दहाव्या मिनिटाला मोरी धुराने भरली. डोळ्यांतून पाणी, घशात खवखव, मुलगी दाराशी हसत उभी. आई म्हणाली, "अरे, एकदम सगळं कशाला घातलंस? त्याला आधी घास घेऊ दे." तिने अर्ध्या ढलप्या काढून घेतल्या, नारळाची एक शेंडी खाली सरकवली, तीन पातळ चिरफळ्या उभ्या लावल्या. दोन मिनिटांत ज्वाळा सरळ झाली आणि धूर विरळ. मग ती एकेक ढलपी घालत बसली. आम्ही घड्याळ लावले. पाणी तापायला पस्तीस मिनिटे लागली, आणि त्यांतली एकही मिनिट तिला तिथून उठता आले नाही.

आमच्या हिशेबात चुकले होते ते इथे. बंबाचे तीस टक्के बंबाचे नव्हते. त्यांतले निम्मे आईचे होते. कमी लाकूड लागायचे कारण एकेक ढलपी घालणारा माणूस तिथे धुराशी बसलेला होता. जे जळण वाचले त्याचे मोल तिच्या श्वासाने चुकते केले. कार्यक्षमता हा शब्द आम्ही उपकरणाला लावीत होतो, आणि त्या उपकरणाचा एक भाग आमची आई होती.

तिला विचारले, "इतकी वर्षे कधी बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "कशाबद्दल?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "ती एकच वेळ माझी असायची. तुम्ही सगळे झोपलेले, माग बंद असले तर गल्ली शांत. विस्तवाशी बसलं की बरं वाटायचं." उठताना तिने नेहमीप्रमाणे निखाऱ्यांवर पाणी शिंपडले आणि राख पूर्ण विझली का ते हात धरून पाहिले. ही तिची सवय जुनी आहे. या गावाने १९७० आणि १९८४ सालच्या मे महिन्यांत जी आग पाहिली, ती तिने याच घराच्या खिडकीतून पाहिली. तेव्हापासून ती विस्तव एकटा सोडत नाही. आम्हांला हे लहानपणापासून ठाऊक होते, पण बंबाशी त्याचा संबंध आहे हे लक्षात आले नव्हते.

आता निवड. पंख्याची शेगडी उत्तम खरी, पण तिच्यावर पातेले चढवायचे, कढत पातेले उतरवायचे, आणि ते अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने. ती बाद. गॅसचा गिझर बंद मोरीत बसवणे म्हणजे एक धूर काढून दुसरा, न दिसणारा आणणे. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि कोंदट न्हाणीघरात त्याने माणसे दगावली आहेत. तोही बाद. गच्ची नसलेल्या कौलांवर सौर बंबाचा भार टाकायला गवंडी तयार झाला नाही. उरला विजेचा गिझर आणि जुना बंब.

आम्ही दोन्ही ठेवले. रोजच्या आंघोळीला गिझर, आईसकट सगळ्यांना. तिला तो मान्य करवायला डॉक्टरांचा कागद उपयोगी पडला नाही, नातीचा हट्ट पडला. बंबाची आतली नळी नवी करून घेतली, त्याला कल्हई केली, आणि तो मोरीतून काढून मागच्या अंगणात उघड्यावर उभा केला. वर पन्हळीच्याही वर जाईल असे पत्र्याचे धुराडे चढवले. ते दर महिन्याला साफ करायचे काम आमचे. ओडिशाचा धडा आम्ही भिंतीवर लिहून ठेवला आहे. बंब आता रविवारी पेटतो, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे पेटेल. पेटवायचा आम्हीच. आईची खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला, सहा हात लांब.

हा निर्णय बरोबर आहे असे आकडे सांगतात. खोकला आता सातच्या आधी थांबतो, कधी कधी सुरूच होत नाही. पण पहाटे पाचाला आई अजून उठते. बटण दाबते, लाल दिवा लागतो, पंधरा मिनिटांनी विझतो. या पंधरा मिनिटांत करण्यासारखे काही नसते. ती मोरीच्या दाराशी उभी राहते आणि मग अंथरुणावर येऊन बसते. आम्ही तिच्याकडून धूर काढून घेतला, आणि त्याबरोबर तिची एकुलती एक वेळही.

परवा आम्हीही पाचाला उठलो. चहा केला, दोन कप घेतले आणि तिच्याशेजारी बसलो. बोलणे फारसे झाले नाही. बाहेर कुठल्याशा कारखान्यात पाळी बदलत होती. ती म्हणाली, "रविवारी लाकूड जरा बारीक फोड. मागच्या खेपेला जाड होतं."

आम्ही "बरं" म्हणालो. फोडायला शिकतो आहोत.